रुतून बसलेला बोल्ट

पावसाळा ओसरला की पेढीच्या मागच्या पडवीत उभ्या असलेल्या जुन्या मोटारसायकलीची आठवण होते. वसुलीच्या फेऱ्या, बाजारपेठेतील ने-आण, दिवाळीपूर्वीची धावपळ यांसाठी ती पुन्हा रस्त्यावर यावी लागते. क्लचच्या प्लेटा पाहण्यासाठी मिस्त्री इंजिनाचे बाजूचे झाकण उघडू लागतो. आठ-दहा बोल्टांपैकी बहुतेक मुकाट निघतात. एखादा मात्र जागचा हलत नाही. पाना घसरतो, डोक्याचे कोपरे गोल होतात. मिस्त्री म्हणतो, "शेठ, गाडी उद्यापर्यंत राहू द्या." शेठ गल्ल्यावरूनच विचारतात, "एका बोल्टाला एवढा वेळ?" आणि बहुधा त्याच संध्याकाळी, घाईपायी, तो बोल्ट मुळाशी तुटतो.

येथे हिशेब चुकतो तो किमतीच्या जागेचा. बोल्ट काही रुपयांचा असतो. मोलाचे असतात ते आटे, जे समोरच्या ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये पाडलेले असतात. बोल्ट खराब झाला तर नवा मिळतो. आटे गेले तर ते पुन्हा उभे करावे लागतात. आणि क्रँककेसला तडा गेला तर संपूर्ण इंजिन उतरवून, दाते, बेअरिंग, क्रँक सारे काढून तो भागच बदलावा लागतो. शिवाय इंजिनाचा क्रमांक याच क्रँककेसवर कोरलेला असतो. तो भाग बदलला की नोंदणी पुस्तकातील क्रमांकाशी मेळ घालण्याचे काम परिवहन कार्यालयात वेगळे करावे लागते, आणि गाडी कर्जावर असेल तर कर्ज देणाऱ्यालाही कळवावे लागते. मिस्त्री एका बोल्टाचे तीनशे रुपये मागतो तेव्हा ते बोल्टाचे नसतात. हे सारे टळावे याचे असतात.

बोल्ट रुततो कशाने? झाकण व क्रँककेस ॲल्युमिनियमचे, बोल्ट पोलादाचा. दोन भिन्न धातू एकमेकांस लागून असले आणि मध्ये पाणी शिरले, विशेषतः खारट पाणी, तर एक सूक्ष्म विद्युत्‌घटच तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. झिजलेल्या ॲल्युमिनियमची जी पांढरी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते आणि आट्यांमधील फट घट्ट भरून टाकते. कोकणपट्टीत हे लवकर घडते. जोरदार फवाऱ्याने गाडी धुण्याच्या सवयीमुळे ते देशावरही घडू लागले आहे. सायलेन्सरच्या नटांचे कारण निराळे. तेथे उष्णता व गंज मिळून नट आणि स्टड यांना जणू एकजीव करतात. हौसेने चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट बसवून घेणाऱ्यांनीही एवढे ध्यानात घ्यावे की स्टेनलेसवर गंज दिसत नाही, म्हणून त्याच्या शेजारचे ॲल्युमिनियम सुरक्षित राहते असे नाही.

जोराचे गणितही पाहण्याजोगे आहे. झाकणाचा बोल्ट सहसा सहा मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो आवळण्यास साधारण १० न्यूटन-मीटर पिळाची गरज असते. वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर माणसाने दहा किलोचा भार दिला की पीळ २० न्यूटन-मीटरपर्यंत जातो. म्हणजे हाताच्या साध्या रेट्यातच गरजेच्या दुप्पट जोर होतो. त्या पान्यावर पाइप चढवला की बोल्ट निघण्याऐवजी तुटण्याचीच शक्यता वाढते. "अजून थोडा जोर लाव" असे बाजूला उभे राहून सांगणाऱ्याने हा आकडा आधी मनात धरावा.

जाणता मिस्त्री म्हणूनच जोराने आरंभ करीत नाही. तो प्रथम डोक्याभोवतीची माती तारेच्या ब्रशने काढतो, आटे उलटे तर नाहीत ना हे पाहतो (यामाहाच्या अनेक गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, आणि ते न जाणता आरसा सोडवणारा प्रत्यक्षात तो आवळतच असतो), मग झिरपणारे तेल सोडतो आणि दुसऱ्या कामास लागतो. आपल्याकडे या कामास रॉकेल किंवा डिझेलही चालवतात. डब्ल्यूडी-४० हे नाव बहुतेकांना ठाऊक आहे. १९५३ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे ते बनले तेव्हा हेतू धातूवरील पाणी हटवण्याचा होता, आणि चाळिसाव्या प्रयत्नात सूत्र जमले म्हणून नावात चाळीस आले. गंजात खोल शिरण्यासाठी खास बनवलेली तेले वेगळी मिळतात व ती अधिक उपयोगी पडतात. तेल कोणतेही असो, त्यास वेळ द्यावा लागतो. सायंकाळी सोडावे, रात्री पुन्हा सोडावे, सकाळी पाना लावावा. मिस्त्रीने "उद्या" म्हटले ते याच कारणाने. त्याचा आळस म्हणून नव्हे.

सकाळी तो बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे सरळ, मोजके ठोके देतो, म्हणजे आट्यांत साचलेली भुकटी तडकते. पाना लावतो तो सहा कोनांचा बॉक्स पाना. बारा कोनांचा पाना डोक्याचे कोपरे लवकर खातो. आधी बोल्ट किंचित आवळण्याच्या दिशेने हलवतो, मग सोडण्याच्या. पाव फेरा सुटला की पुन्हा तेल, पुन्हा थोडा मागे. हे पाहणाऱ्यास कंटाळवाणे वाटते, यात शंका नाही.

जुन्या गाड्यांत झाकणाला फुलीचे स्क्रू असतात आणि तेथे नुकसान बहुधा हत्याराच्या निवडीतच होते. १९८० च्या दशकात होंडा, सुझुकी, यामाहा व कावासाकी यांच्या सहकार्याने येथे मोटारसायकली बनू लागल्या, त्यांच्याबरोबर जपानी मानकाचे फुलीचे स्क्रू आले. बाजारातील नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यांत बसल्यासारखा वाटतो. मात्र त्या खाचेत तो पुरता उतरत नाही, जोर येताच वर चढतो आणि खाच उधळतो. अनेक जपानी स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, ती त्यांची खूण. अशा स्क्रूला योग्य टोकाचा, हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावावा. ठोक्यासरशी तो आत दाबतो आणि त्याच वेळी फिरवतो.

एवढ्यानेही बोल्ट न हलला तर उष्णता. तापमान १०० अंशांनी वाढले की एक मीटर ॲल्युमिनियम सुमारे २.३ मिलिमीटर वाढते, पोलाद मात्र सुमारे १.२ मिलिमीटर. म्हणून तापवायचे ते बोल्टाभोवतीचे ॲल्युमिनियम. छिद्र बोल्टापेक्षा अधिक फाकते आणि पकड सैल होते. आट्यांना लाल रंगाचे पक्के लॉकिंग द्रव्य लावलेले असेल तर ते सुमारे २५० अंशांपर्यंत तापल्याशिवाय सोडत नाही. ॲल्युमिनियम तापताना लाल होऊन इशारा देत नाही, म्हणून ज्योतीपेक्षा गरम हवेचे यंत्र बरे.

इथे मात्र व्यापारी घरांनी अधिक सावध व्हावे, कारण आपल्याकडे गाडी उभी असते ती बहुधा गोदामाच्या तोंडाशी. टाकीत पेट्रोल, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल, फरशीवर सांडलेले तेल, आणि चार हातांवर कापडाचे गठ्ठे किंवा पुठ्ठ्याची खोकी. हे काम तेथे करूच देऊ नये. टाकी उतरवावी, गाडी मोकळ्यावर न्यावी, बादलीभर वाळू जवळ असावी. ब्रेक साफ करण्याच्या काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रावक असतो. तो मारलेल्या भागावर ज्योत किंवा वेल्डिंग चालवल्यास फॉस्जीन हा विषारी वायू बनू शकतो. एक बोल्ट वाचवताना माणूस किंवा माल पणाला लागता कामा नये.

डोके पुरते गोल झाले असेल, किंवा तुटून बुंधा उरला असेल, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करणे हा उत्तम मार्ग. नवे डोके मिळते आणि वेल्डिंगची उष्णता बोल्टालाच सैल करते. त्याआधी बॅटरीच्या तारा काढून ठेवाव्यात. ईझी आउट नावाचे उलट्या आट्यांचे हत्यार मात्र जपून वापरावे. ते अतिशय कठीण आणि तितकेच ठिसूळ असते. आत तुटले तर साधे ड्रिल त्याला भेदू शकत नाही, आणि मग दोन अडचणींची तीन होते. बुंधा पृष्ठभागाच्या आत असेल तर ड्रिल करणे उरते. त्यासाठी पंचाने नेमके मधोमध खूण, बारीक ड्रिलने आरंभ आणि डोळ्यांवर चष्मा हवा. उलट्या फिरण्याचे ड्रिल मिळाले तर फार चांगले, कारण भोक पाडता पाडताच बुंधा कधीकधी बाहेर येतो. मध्य चुकला तर ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे सरकते. घरच्या उत्साही मुलाने या पायरीपूर्वी हात आवरावा आणि गाडी लेथवाल्याकडे न्यावी.

आटे गेलेच तर तेही सावरता येतात. भोक मोठे करून, नवे आटे पाडून त्यात स्टेनलेस तारेचे वेटोळे बसवतात; मूळ मापाचाच बोल्ट त्यात पुन्हा बसतो आणि मऊ ॲल्युमिनियमपेक्षा ते आटे अधिक टिकाऊ असतात. चिकट लांबीने भोक भरून देणारा कारागीर स्वस्त पडतो, पण पुढच्या तेलबदलापुरताच.

नवा बोल्ट घेताना माप, लांबी आणि आट्यांचे अंतर जुन्याशी ताडून घ्यावे. लांबी जास्त झाली तर तो तळाला टेकतो आणि झाकण आवळले जात नाही. आट्यांना तांबेयुक्त ग्रीसचा पातळ हात द्यावा, आणि ग्रीस लावल्यावर आवळण्याचा जोर थोडा कमी ठेवावा. पहिले तीन-चार फेरे पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरले पाहिजेत. तसे न फिरल्यास बोल्ट बाहेर काढून आटे पुन्हा साफ करून घ्यावेत.