ऑर्गनवाल्याचं नाव काय?

पुण्यात नोकरीला लागल्यापासून ‘बीटल्स हँबुर्गला गेले’ ही गोष्ट मी किमान चार वेळा ऐकली आहे. चारही वेळा प्रशिक्षणाच्या नावाखाली, एसी खोलीत, समोर स्लाइड आणि हातात कॉफी. गोष्ट अशी : १९६० च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलची पाच पोरं जर्मनीतल्या हँबुर्गला गेली. तिथल्या बदनाम वस्तीत ‘इंद्रा’ नावाच्या क्लबात त्यांना काम मिळालं. एरवी रात्री साडेचार तास, शनिवार-रविवारी सहा तास वाजवायचं. समोर दारू प्यायलेले खलाशी. तिथे ती पोरं घासूनपुसून निघाली आणि पुढे जग जिंकलं. माल्कम ग्लॅडवेलने २००८ सालच्या ‘आउटलायर्स’मध्ये या गोष्टीला दहा हजार तासांचा हिशोब जोडला, तेव्हापासून ती कॉर्पोरेट कीर्तनकारांची आवडती कथा झाली. शेवटी प्रशिक्षक विचारतो, “तुमचे दहा हजार तास कुठले?”

मला दर वेळी आमच्या कुरखेडा तालुक्यातले एक काकाजी आठवतात. ते झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवायचे. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू व्हायचं आणि उजाडताना संपायचं. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटांचे दिवस सुरू झाले की हंगाम सुरू, तो होळीपर्यंत. एका हंगामात शंभर रात्री धरा, रात्रीचे सात तास धरा. पंधरा हंगामांत दहा हजार तासांच्या वर आकडा जातो. काकाजींनी जवळपास चाळीस हंगाम वाजवलं. ग्लॅडवेलच्या हिशोबाने ते जवळपास पावणेतीन बीटल्स होतात.

हा विनोद मी एकदा प्रशिक्षणात केला. लोक हसले. मग कुणीतरी सहज विचारलं, “यूट्यूबवर आहे का त्यांचं काही?” नाही. एक सेकंदसुद्धा नाही.

या लेखाचं भांडण इथून सुरू होतं.

ज्यांना झाडीपट्टी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात धान कापून झाला की गावोगाव नाटकं होतात. मोकळ्या जागेत मंडप पडतो, तिकीट लावून नाटक होतं, पंचक्रोशीतले पाहुणे मुक्कामाला येतात. बहुतेक कंपन्यांची कार्यालयं वडसा म्हणजे देसाईगंजला आहेत. गावकरी तिथे जाऊन नाटक ‘बुक’ करतात. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत प्रेक्षक कसा आणायचा यावर परिसंवाद चालू असतात, तेव्हा आमच्याकडे थंडीत घोंगडी पांघरून माणसं पहाटेपर्यंत बसलेली असतात.

याची दखल कुणी घेतलीच नाही असं म्हणणार नाही. वर्तमानपत्रं दर हंगामात ‘कोट्यवधींची उलाढाल’ असा मथळा देतात. २०२२ साली ‘झॉलिवूड’ नावाचा चित्रपटही आला. आणि २०२३ साली आमच्याच तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून जास्त प्रयोग, आठशे भूमिका. त्या दिवशी पुण्यातल्या खोलीत मी एकटाच पेढे आणून वाटले. दिल्लीच्या यादीत आपल्या गावाशेजारचं गाव दिसणं काय असतं, ते गडचिरोलीच्या माणसालाच कळेल. एरवी आमचा जिल्हा बातमीत कशासाठी येतो हे सांगायला नको.

पण पेढे संपल्यावर माझ्यातला इंजिनियर जागा झाला. पाच हजार प्रयोग म्हणजे पाच हजार रात्री. प्रत्येक रात्री खुण्यांच्या समोर, रंगमंचाच्या पायथ्याशी, ऑर्गनवर कुणीतरी होतं, तबल्यावर कुणीतरी होतं. पुढे ऑक्टोपॅड आला, त्यावर कुणीतरी होतं. विनोदी नटाने पाऊल टाकलं की थाप पडते, तो पडला की झांज वाजते. ती थाप निम्मा विनोद असते. हे खुद्द नटांनाच सगळ्यांत चांगलं माहीत असतं. मग त्या पाच हजार रात्रींचे वादक कोण? त्यांची यादी कुठे आहे?

कुठेच नाही. आणि त्याची किंमत कुणी मोजली ते आता सांगतो.

ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकार मानधन देतं. २०२४ पासून ते महिना पाच हजार रुपये झालं. पुण्यात त्यात एका माणसाचा महिन्याचा डबा होतो. कुरखेड्यात म्हाताऱ्या नवरा-बायकोचं औषध आणि किराणा निघतो. काकाजींचा मुलगा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेला. तिथे विचारलं, कलेची सेवा केल्याचे पुरावे? कात्रणं, फोटो, जाहिराती, प्रमाणपत्रं? घरी सापडलं काय, तर एक लग्नातला फोटो. त्यात काकाजी वाजवत नाहीत, जेवत आहेत. एक जुनं पोस्टरही होतं, त्यांनीच जपून ठेवलेलं. त्यावर नायकाचं नाव, नायिकेचं नाव, लावणीवालीचं नाव, कंपनीच्या मालकाचं नाव. खाली दोन शब्द : ‘आणि संच’.

सुट्टीत गेलो तेव्हा काकाजी मला म्हणाले, “बापू, चाळीस वर्ष वाजवलो. आता वाजवलो म्हणून कागद कुठून आणू गा?”

आता परत बीटल्सकडे येऊ. चकचकीत भागाकडे नको, एका अपयशी माणसाकडे.

हँबुर्गला गेलेल्या पाचांत ड्रम वाजवणारा पीट बेस्ट होता. दोन वर्षं त्याने बँडसोबत काढली. १६ ऑगस्ट १९६२ ला त्याला काढून टाकलं आणि त्याच्या जागी रिंगो स्टार आला. ऑक्टोबरमध्ये बीटल्सची पहिली तबकडी निघाली आणि पुढचं जगाला माहीत आहे. बेस्ट पुढे लिव्हरपूलमध्ये सरकारी रोजगार कार्यालयात नोकरी करत राहिला. जगातला सर्वांत दुर्दैवी ड्रमर म्हणून त्याची चेष्टा होते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. १९९५ साली ‘अँथॉलॉजी १’ हा जुन्या ध्वनिमुद्रणांचा संच निघाला. त्यात १ जानेवारी १९६२ च्या, नापास झालेल्या डेक्का चाचणीतली गाणी होती. त्यांत ड्रम बेस्टचे होते. तेहेतीस वर्षांपूर्वी हाकललेल्या माणसाला भरघोस मानधन मिळालं. संचाच्या मुखपृष्ठावर जुन्या फोटोत बेस्टच्या चेहऱ्याची जागा फाडलेली होती आणि त्यातून रिंगो दिसत होता. म्हणजे पैसे दिले तेव्हासुद्धा त्यांनी प्रेमाने दिले असं नाही. द्यावेच लागले. कारण कुठल्या दिवशी, कुठल्या खोलीत, कुठल्या गाण्यावर कोण वाजवत होतं याची नोंद होती.

अजून खालच्या पायरीवरचा माणूस घ्या. अँडी व्हाइट. ११ सप्टेंबर १९६२ ला निर्मात्याने रिंगोऐवजी या भाडोत्री ड्रमरला बसवलं. एका दिवसाची फी घेऊन तो घरी गेला, रॉयल्टी काही मिळाली नाही. त्याच्यावर अन्यायच झाला म्हणा. पण २०१५ मध्ये तो वारला तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले. एका दिवसाच्या कामावर. चाळीस हंगामांच्या कामावर आमच्याकडे तेराव्याचं जेवण होतं, बस.

हे आपोआप घडत नाही. मार्क लुइसन नावाच्या माणसाने आयुष्य खर्ची घालून बीटल्सच्या ध्वनिमुद्रणाचा दिवसवार हिशोब मांडला. त्याचं ते पुस्तक १९८८ चं. नंतर चरित्राचा पहिला जाडजूड खंड २०१३ साली आला, आणि तो १९६२ लाच संपतो. म्हणजे प्रसिद्धी मिळण्याआधीच्या काळावर एवढं काम!

आणि ‘हे गोऱ्यांचं वेड, आपल्याकडे कुठलं’ असं म्हणायची सोय नाही. मुंबईच्या हिंदी सिनेमातल्या वादकांचंही हेच झालं होतं. त्यांतले कितीतरी गोव्याचे. पडद्यावर संगीतकाराचं नाव यायचं. सॅक्सोफोन, व्हायोलिन कुणाचं ते कुणी विचारत नव्हतं. मग ग्रेगरी बूथ या प्राध्यापकाने त्या म्हाताऱ्यांना गाठून मुलाखती घेतल्या आणि २००८ साली ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक केलं. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवाल्यांवर ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ लिहिलं. त्या लोकांत काही एकाएकी गुण आले नव्हते. फरक इतकाच की कुणीतरी जाऊन विचारलं.

मराठीत आपण काय विचारतो? फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत होता, तिथे त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा पोरांचा बँड काढला होता, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. २०१८ च्या त्या सिनेमानंतर तर यावर किती लेख आले याची गणती नाही. पाचगणीच्या पियानोवर आपण भावुक होतो. मीही होतो, मला क्वीन आवडतो. पण त्याच राज्यात, वडशाच्या ऑर्गनवर एक परिच्छेद नसावा?

यावर मला तीन उत्तरं मिळतात.

पहिलं, जरा विद्वत्तेचं : लोककला सामूहिक असते, त्यात व्यक्तीचं नाव शोधणं ही पाश्चात्य खोड आहे. साफ खोटं. पोस्टरवर नायकाचं नाव हातभर उंचीचं असतं. मुंबईहून एखादी मालिकेतली नटी आली तर तिचं त्याहून मोठं. म्हणजे व्यक्तीचं नाव आणि त्याची किंमत आम्हाला नीट कळते. सामूहिकतेचं तत्त्वज्ञान फक्त खड्ड्यात बसलेल्या माणसाला लागू होतं. काही कंपन्या आता वादकांची नावं छापतात, हे मान्य. पण एसटी स्टँडच्या भिंतीवरचं पोस्टर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पोस्टरखाली जातं. छापणं ही अर्धीच गोष्ट. ठेवणं ही दुसरी अर्धी.

दुसरं उत्तर नैतिक : झाडीपट्टी बिघडली, द्विअर्थी संवाद आणि नाचगाणी आली, आता काय नोंदवायचं? अहो, इंद्रा क्लब हा बीटल्सच्या आधी कपडे उतरवण्याच्या खेळाचा अड्डा होता. कुणी लुइसनला म्हटलं नाही की असल्या जागेची नोंद ठेवू नको. शिवाय बिघडली की सुधारली हे ठरवायलासुद्धा आधी काय होतं ते माहीत हवं. नोंदच नसेल तर ही तक्रार निव्वळ म्हाताऱ्यांची कुरकुर ठरते.

तिसरं उत्तर आमच्याच लोकांचं, आणि ते जास्त बोचतं : “पैसे रात्रीचे रात्री देतो, अजून काय पाहिजे?” अँडी व्हाइटलाही हेच म्हटलं असणार. पण ब्रिटनमध्ये २०१३ साली कायदा बदलला. ध्वनिमुद्रणाचं संरक्षण पन्नास वर्षांवरून सत्तर झालं आणि वाढीव वर्षांच्या कमाईतला पाचवा हिस्सा एकरकमी फीवर वाजवणाऱ्यांसाठी बाजूला ठेवायचं ठरलं. आपल्याकडेही २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ३८-ब आलं. सादरकर्ता म्हणून आपली ओळख सांगितली जावी, हा कलावंताचा हक्क आहे असं ते म्हणतं. झाडीपट्टीची नाटकं आता यूट्यूबवर चढतात, त्यावर जाहिराती येतात. कोण वाजवतंय ते वर्णनात दिसतं का, पाहा.

माझ्या धंद्यात ‘गिट ब्लेम’ नावाची एक आज्ञा आहे. ती दिली की प्रोग्रामची प्रत्येक ओळ कुणी, कधी लिहिली ते दिसतं. चार महिने काम करून सोडून गेलेल्या इंटर्नचंही नाव तिथे राहतं. त्याने लिहिलेली ओळ फालतू असली तरी. मी सात वर्षांत जे काही लिहिलं त्याची नोंद काकाजींच्या चाळीस वर्षांहून पक्की आहे, याची मला लाज वाटते. आणि लाज वाटण्याचं दुसरं कारण : शाळेत असताना मी त्यांच्या मागे सतरंजीवर झोपलो आहे, पण माझ्या हातात कॅमेऱ्याचा फोन आल्यावर एकाही हंगामात त्यांच्याकडे तो धरला नाही. नायिकेकडे धरला.

मग करायचं काय? अ‍ॅप नको. प्रत्येक प्रश्नावर अ‍ॅप काढणं हा आमच्या जमातीचा रोग आहे. तीन साध्या गोष्टी पुरेत.

एक, कंपन्यांनी पोस्टरवर ‘आणि संच’ छापणं बंद करावं. नावं लिहावीत आणि दर हंगामाच्या पोस्टरांची एक फाइल कार्यालयात ठेवावी. दोन, गावच्या नाटक मंडळाने प्रयोगानंतर वहीत तारीख, नाटक आणि वादकांसकट सगळ्यांची नावं लिहून सरपंचाचा शिक्का घ्यावा. जमाखर्चाची वही ठेवतातच, त्यात एक पान जास्त. तीन, आणि हे सरकारला : वनहक्क कायद्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन पुरावा म्हणून चालतं. आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तो ग्रामसभेच्या जोरावर. जंगल कुणाचं हे सांगायला गावातल्या म्हाताऱ्यांची साक्ष चालत असेल, तर ऑर्गन कोण वाजवत होतं हे सांगायला का चालू नये? ग्रामसभेने ठराव करावा आणि तो कलावंताचा पुरेसा पुरावा मानावा.

काकाजींचा अर्ज अजून पडून आहे. मी आता त्यांच्यासोबत वाजवलेल्या लोकांची यादी करतो आहे. आतापर्यंत त्यांना एकवीस नावं आठवली. त्यांतली नऊ माणसं हयात नाहीत, आणि तिघांची फक्त टोपणनावं ठाऊक आहेत. या हंगामात तुम्ही झाडीपट्टीचं नाटक पाहायला गेलात, तर मध्यंतरात खाली वाका आणि ऑर्गनवाल्याला त्याचं नाव विचारा. पूर्ण नाव, गावासकट. आणि लिहून ठेवा.