फूट पाडली कुणी? म्यानमारमधील वाटाघाटींचा इतिहास

१/ म्यानमारमध्ये शांतता का नांदत नाही, या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर दिले जाते: तेथील सशस्त्र वांशिक संघटनांचे आपापसांतच जमत नाही. हे उत्तर सोपे आहे आणि लष्कराच्या सोयीचेही. घटनांचा क्रम मात्र निराळेच सांगतो.

२/ १२ फेब्रुवारी १९४७. पांगलाँग येथे शान, काचिन आणि चिन नेत्यांनी आंग सान यांच्यासह एकाच करारावर सह्या केल्या. सीमाभागाची अंतर्गत स्वायत्तता तत्त्वतः मान्य झाली. (कॅरेन प्रतिनिधी तेथे केवळ निरीक्षक होते. ही उणीव पुढे फार महागात पडली.) जुलैमध्ये आंग सान यांची हत्या झाली, शब्द देणाराच उरला नाही.

३/ १९६२ मध्ये ने विन यांनी सत्ता बळकावली. १९७६ मध्ये संघटनांनी संयुक्त आघाडी उभारली. म्हणजे एकीची इच्छा नव्हती, हे म्हणणे टिकत नाही.

४/ लष्कराचा खरा डाव १९८९ पासूनचा. गुप्तचरप्रमुख खिन न्युंत यांनी एकेका गटाशी वेगवेगळी शस्त्रसंधी केली. शस्त्रे ठेवा, व्यापार करा, राजकारणाचे नंतर पाहू! १९९४ मध्ये काचिन संघटनाही या वाटेने गेली आणि मोकळे झालेले सैन्य कॅरेनांकडे वळले. जानेवारी १९९५ मध्ये त्यांचे मुख्यालय मानेरप्लॉ पडले. त्याआधीच बौद्ध कॅरेन सैनिक फुटून निघाले होते. ख्रिस्ती वरिष्ठांनी त्यांची नाराजी वेळीच ऐकली नाही, हा दोष कॅरेन नेतृत्वाचाच. पण त्या भेगेत पहार घातली लष्कराने. जून २०११ मध्ये काचिनांचीही शस्त्रसंधी मोडली. सतरा वर्षांत राजकीय तोडगा निघालाच नव्हता.

५/ २०१३ मध्ये लायझा येथे डझनाहून अधिक संघटनांनी संयुक्त वाटाघाटी पथक नेमले. सर्वांना सामावून घ्या, ही मागणी होती. सरकारने तांग, कोकांग आणि आराकान येथील संघटनांना सहीपासून दूर ठेवले. १५ ऑक्टोबर २०१५ च्या ‘देशव्यापी’ करारावर सह्या झाल्या अवघ्या आठ! सही केलेले आणि न केलेले, अशी नवी दरी पडली. लवकरच उत्तर शानमध्ये एक स्वाक्षरीकर्ती शान संघटना आणि तांग सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडू लागले.

६/ वगळलेल्या त्याच तिघांनी २७ ऑक्टोबर २०२३ रोजी एकत्रित चढाई केली. ऑगस्ट २०२४ पर्यंत लाशियोतील लष्कराचे ईशान्य विभागीय मुख्यालय पडले. एप्रिल २०२५ मध्ये चीनच्या दबावाखाली कोकांगच्या संघटनेने ते शहर लष्कराला परत केले. तेव्हाही वाटाघाटीच्या मेजावर ती एकटीच होती.