चुकलेल्या निदानाचे बिल कोणी भरायचे?

डिसेंबर उजाडला की घरोघरचे गीझर रुसतात. बंबाच्या काळात हा प्रश्न नव्हता. बंब गळू लागला की ते डोळ्यांना दिसे आणि गळती थांबली की नाही हेही दिसे. कल्हईवाला तर भांडे उजेडात धरून दाखवी आणि मगच पैसे मागे. आता सारे यंत्र पांढऱ्या डब्यात बंद. आत काय बिघडले हे सांगणारा मेकॅनिक, दुरुस्त करणारा तोच आणि बिलाचा आकडा ठरवणाराही तोच. साक्षीदार आणि न्यायाधीश एकच माणूस असावा, तशातला हा प्रकार.

ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण घ्या. पाणी तापेना म्हणून मेकॅनिकला बोलावले. त्याने झाकण उघडले, आत डोकावला आणि म्हणाला, "कॉइल गेलीय, मॅडम." नव्या कॉइलचे १,२०० रुपये, मजुरी ४००. जुनी कॉइल त्याच्या पिशवीतून गेली. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा गारच. तोच परत आला, थर्मोस्टॅट बदलला, त्याचे ७०० आणि पुन्हा मजुरी ४००. पाणी तापले. बाईंनी विचारले, "दोष थर्मोस्टॅटचा होता, तर आधीचे सोळाशे कशाचे?" उत्तर आले, "नवी कॉइल तुमच्याच गीझरमध्ये आहे ना!"

ऐकायला हे बिनतोड वाटते, पण आहे पोकळ. बाईंना कॉइल नको होती. जुनी जळाली असे सांगितले म्हणून त्यांनी होकार दिला. सांगणेच चुकीचे ठरले, तर त्यावर दिलेला होकार कसा टिकेल? "तुझी नवी काढून ने, माझी जुनी बसव," एवढे म्हणण्याची सोय बाईंना हवी होती. पण जुनी कॉइल घरात होतीच कुठे? काढलेला भाग मागून घेण्यात पुष्कळांना संकोच वाटतो. उद्या वाद झाला, तर तोच आपला पुरावा.

मेकॅनिकने चुकूच नये असे कोणी म्हणत नाही. डॉक्टरही चुकतात. कधी एका बिघाडामागे दुसरा लपलेला असतो आणि प्रामाणिक कारागीर तसे आधीच बोलून दाखवतो. पण त्याने तपासले होते का, हे पाहायला हवे. वीज बंद करून, तारा सोडवून कॉइलच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावायला एक मिनिट लागते. २३० व्होल्टवर चालणारी २,००० वॉटची धड कॉइल साधारण २६ ओहम दाखवते. तुटलेली असेल तर मीटर काहीच वाचू शकत नाही. हे काम घरच्यांनी करायचे नाही, पण करताना जरूर पाहावे. बाईंच्या मेकॅनिकने पिशवीतून मीटर काढलाच नव्हता. याला चूक म्हणत नाहीत, हलगर्जीपणा म्हणतात. थर्मोस्टॅटची किंमत आणि एका वेळची मजुरी त्याच्या हक्काची. सोळाशेवर त्याचा हक्क नाही.

एसीचा 'गॅस संपला' हे दुसरे लाडके निदान. एसीतला गॅस गाडीच्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणे. कित्येकदा तर गॅस पुरेसा असतो आणि जाळी धुळीने भरलेली असते.

यात आपल्या सवयीचाही वाटा आहे. नुसत्या तपासणीचे तीनशे रुपये मागितले की आपण कपाळाला आठ्या घालतो, आणि हजाराचा भाग बदलला की मुकाट पैसे काढतो. मग मेकॅनिक भागच विकणार! तपासणीचे पैसे वेगळे आणि खुशीने द्यावेत, आणि दोष व दुरुस्तीचा अंदाज काम सुरू होण्याआधी कागदावर मागावा.

पैशांहून गंभीर बाबही आहे. दोष सापडला नाही की काही जण थर्मोस्टॅट किंवा सुरक्षेचा कटआउट वगळून वीज थेट कॉइलला जोडतात. 'डायरेक्ट केलंय' म्हणतात. पाणी छान तापते, पण तापायचे थांबत नाही. मग दाब सोडणारी झडप एवढाच आधार उरतो, आणि क्षार साचून तीही अडकलेली असू शकते. असे जोडकाम दिसले तर गीझर बंद ठेवून दुसऱ्याला बोलवावे. तिथे घासाघीस नको.

"उद्या पुन्हा त्यालाच बोलवायचे आहे, जाऊ द्या," असे घराघरांत म्हटले जाते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची ही अडचण खरीच आहे. पण कायदा त्यांच्या बाजूचा आहे. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी आलेला २०१९चा कायदा जुलै २०२०पासून लागू आहे. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही त्यात सेवा आहे, आणि निष्काळजीपणाने ग्राहकाचे नुकसान होणे ही सेवेतील त्रुटी. बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे भागले नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील लागतोच असे नाही आणि एवढ्या छोट्या रकमेला शुल्कही नाही.

त्याआधी मात्र पत्र. चार ओळी पुरेत: कोणत्या तारखेला काय बिघाड सांगितला, काय बदलले, प्रत्यक्षात दोष कशात निघाला, किती रुपये किती दिवसांत परत हवेत. आवाज न चढवता. प्रत आणि स्पीड पोस्टची पावती गीझरच्या वॉरंटी कार्डाशेजारीच ठेवावी.