लसीच्या कार्डावर कानाला जागा द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,


माझी मोठी मुलगी जन्मली, तेव्हा घरी सोडताना माझ्या हाती लसींचं कार्ड आलं. त्यावर वजन होतं, बीसीजी, पोलिओ, काविळीच्या लसीची तारीख होती. कानाबद्दल अक्षर नव्हतं. तिला ऐकू येत नाही हे कळलं, तेव्हा ती सव्वादोन वर्षांची होती.

मधली दोन वर्षं आम्ही काय करत होतो? सासूबाई म्हणायच्या, हिचा बापही उशिराच बोलला. शेजारच्या काकूंनी वेखंड उगाळून चाटवायला सांगितलं, तेही केलं. शंका येऊन एकदा मी तिच्या पाठीमागे ताट वाजवलं. ती वळली आणि मी निर्धास्त झाले. फरशीचा हादरा, भिंतीवर हललेली माझी सावली, वळायला एवढं पुरतं हे मला नंतर समजलं. शिवाय, ताटाचा दणका ऐकू येणाऱ्या बाळाला ‘स’ आणि ‘श’ ऐकू येतीलच असं नसतं.

साहेब, ज्या तपासणीने हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळलं असतं तिला ओएई म्हणतात. बाळ झोपलेलं असताना कानात मऊ बोंडी ठेवतात, ती बारीक आवाज सोडते. आतला शंख निरोगी असेल तर त्याचा अगदी क्षीण प्रतिध्वनी परत येतो आणि यंत्र तो टिपतं. सुई नाही, रक्त नाही, काही मिनिटांचं काम. जन्मानंतर कानात पाणी किंवा मळ राहिल्याने काही बाळं पहिल्या खेपेला अडकतात, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते. दुसऱ्यांदाही अडकलं तर बेरा, म्हणजे शंखापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची तपासणी. काचेच्या पेटीत राहिलेल्या, कावीळ फार चढलेल्या बाळांची मात्र बेरा आधीच करायला हवी, कारण त्यांचा शंख धड असून पुढची नस बिघडलेली असू शकते आणि ओएई त्यांना बिनदिक्कत पास करते.

पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत कानाची मशीन आणि शिकवणी सुरू, असा जगभरचा हिशोब आहे. आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणत नाही. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2007 च्या आसपासचा, बालस्वास्थ्य कार्यक्रम 2013 चा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा पथकही येतं. पण तिथे मूल भेटेपर्यंत बहुतेक वेळा हा हिशोब चुकलेला असतो.

केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शंखात बसवायचं यंत्र, मिळतं, पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांना पाच वर्षांच्या आतच. माझ्या मुलीचं चौथ्या वर्षी झालं. ऑपरेशनचे फोटो निघतात. नंतरची मॅपिंग म्हणजे यंत्राची जुळवणी, तुटलेली कॉइल, दर आठवड्याला थेरपीसाठी बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं यांचे निघत नाहीत. आणि एक कबुली. ‘खुणा शिकवू नका, मग ती बोलणार नाही’ हे ऐकून मी तिला हातांची भाषाही दिली नाही. म्हणजे सव्वादोन वर्षांनंतरही माझं लेकरू बराच काळ भाषेवाचून राहिलं. त्याचा दोष मी तुमच्यावर ढकलत नाही. पण निदानाच्या दिवशीच कुणीतरी आईबापांशी तासभर बसून बोलायला हवं. माणूस नेमायचं काम तुमचं.

प्रत्येक प्रसूतिगृहात लगेच यंत्र येणार नाही, हे मलाही कळतं. मग दीड महिन्याची लस आहेच. त्या दिवशी गावोगावच्या आया बाळं घेऊन येतात, आशाताई नावं घेऊन घेऊन बोलावतात. यंत्र त्या रांगेत फिरवा. अडकलेल्या बाळाचं नाव आशाताईंच्या वहीत लाल शाईने राहू द्या, बेराचा कागद येईपर्यंत. आणि कार्डावर दोन रकाने छापा: डावा कान, उजवा कान.

सोबत माझ्या धाकट्याच्या कार्डाची प्रत जोडली आहे. शेवटच्या पानावरचे दोन रकाने मी पट्टीने आखले आहेत. विसाव्या दिवशी, दोन एसट्या बदलून, खासगीत पैसे भरून केलेली तपासणी आहे. दोन्ही कान पास.

आपली,
दोन मुलांची आई