ब्रँचला किती सांगायचं?

नेट बंद पडलं की आपण आयटीवाल्याच्या नावाने बोटं मोडतो. त्याचा पेच ऐका तर खरं! राउटर एकमेकांना रस्ते सांगतात, त्यातला एक प्रोटोकॉल ओएसपीएफ. जॉन मॉय यांनी लिहिलेली त्याची १९९८ची आवृत्ती आजही वापरात आहे. यात प्रत्येक राउटर आपल्या एरियाचा अख्खा नकाशा पाठ करतो, वर बाहेरचे रूटही. हेड ऑफिसच्या एरिया ०ला हे ठीक, पण एकाच लाइनवर लटकलेल्या ब्रँचला हजारो रूट कशाला? तिला करा 'स्टब'. मग सीमेवरचा राउटर तिला एवढंच सांगतो, बाहेरचं काहीही असो, माझ्याकडे पाठव. 'टोटली स्टबी' केलं तर बाकीच्या एरियांची चौकशीही बंद. ब्रँचला स्वतःचे बाहेरचे रूट इतरांना कळवायचे असतील, तर मात्र एनएसएसए.

मेख पुढेच आहे. स्टबची खूण एरियातल्या सगळ्या राउटरांवर हवी. एकावर आहे, दुसऱ्यावर नाही, की शेजारी असून बोलणं बंद, अगदी सोसायटीतल्यासारखं! म्हणून हेड ऑफिसात बसून बदल करताना आधी ब्रँचचा राउटर, मग आपला. उलट केलंत तर काढा गाडी आणि गाठा ब्रँच, तीही शुक्रवारी संध्याकाळी.