राजकन्या कुठे चुकली?

संगणकावरच्या खेळांविषयी मी कधी चार चांगले शब्द लिहीन असे मला वाटले नव्हते. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नववीतल्या माझ्या भाचीने मला एका खेळासमोर बसवले आणि त्यातून माझीच एक जुनी चूक मला दिसली. म्हणून हा लेखनप्रपंच.

खेळाचे नाव ‘लाँग लिव्ह द क्वीन’, म्हणजे ‘राणी चिरायू होवो’. हानाको गेम्सने तो २०१२ साली काढला. या प्रकाराला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. चित्रे पाहायची, संवाद वाचायचे आणि ठराविक ठिकाणी काय करायचे ते आपण ठरवायचे. गोष्ट नोव्हा नावाच्या कल्पित राज्यातली. तिथे जादूही आहे. राणी वारली आहे. तिची चौदा वर्षांची मुलगी एलोडी हिचा राज्याभिषेक चाळीस आठवड्यांनी व्हायचा आहे. तोवर तिला जिवंत ठेवणे हे आपले काम.

आपल्या हाती मुख्यतः एकच साधन असते, ते म्हणजे वेळापत्रक! दर आठवड्याला दोन तासिका. विषय मात्र ४२. इतिहास, हिशेब, तलवार, पोहणे, औषधी वनस्पती, विषे, सांकेतिक लिपी, नृत्य वगैरे. चाळीस आठवड्यांच्या तासिका झाल्या ८०. ४२ विषयांत वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला दोनही येत नाहीत. म्हणजे काहीतरी सोडावेच लागते. शिवाय एलोडी खिन्न आहे, भ्यालेली आहे की रागावलेली, यावर कोणता विषय तिला लवकर येईल आणि कोणता अडेल हे ठरते. आम्हा शिक्षकांच्या ध्यानात ही गोष्ट क्वचितच येते.

मी तिला राजघराण्याला शोभेल असे शिक्षण दिले. डौलदार चालणे, वक्तृत्व, इतिहास. एके दिवशी चॉकलेटांचा डबा भेट आला. तिने ती खाल्ली आणि ती मेली. विषांची एकही तासिका मी ठेवली नव्हती.

मी चरफडलो. भाची शांतपणे म्हणाली, “मामा, ती मरणारच. पण का मेली ते लिहून ठेवलंस का?” तिच्याजवळ एक वही होती. आठवडा, प्रसंग, कमी पडलेला विषय, असे तीन रकाने आखलेले. कोणत्या विषयाची कसोटी होती आणि तीत राजकन्या उतरली की नाही, हे खेळ पडद्यावर दाखवतो. इथे फासा टाकलेला नाही. त्याच निवडी केल्या की तेच घडते. म्हणून बाकी सारे तसेच ठेवून एकच निवड बदलायची आणि परिणाम पाहायचा. प्रयोगशाळेत आम्ही दुसरे काय करतो?

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी साध्या लंबकाच्या प्रात्यक्षिकात एका मुलाचे गुरुत्वीय त्वरण १०.९ आले. मी वहीवर ‘चूक, पुन्हा करा’ असे लिहिले. पुढच्या आठवड्यात त्याने बरोबर ९.८ आणले. मी सही केली. ते आकडे त्याने उत्तरावरून मागे जाऊन बसवले होते, हे मला कळत होते.

खरे तर १०.९ मध्येच सगळी गंमत होती. घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ न म्हणता ‘एक’ म्हटले, तर ‘वीस’ म्हणेपर्यंत आंदोलने १९च होतात. त्या वेळेला २० ने भागले की आवर्तकाल लहान येतो आणि ९.८ चे होतात सुमारे १०.९. पाच मिनिटे त्याच्याजवळ बसलो असतो तर त्याची चूक त्यालाच सापडली असती. मी त्याला चूक शोधायला नव्हे, लपवायला शिकवले.

या खेळात उणिवाही आहेत. ज्ञान म्हणजे शंभरपैकी गुण, ही कल्पना मला पटत नाही. आपल्या शाळांना ती आधीच जडलेली आहे. आणि खरा फरक असा की निसर्ग पडद्यावर काही लिहून दाखवत नाही. लंबक नुसता झुलतो. ‘मोजणीत उतरला नाहीस’ असे तो सांगत नाही. ते आपल्याला वहीतून आणि शिक्षकांकडूनच कळायला हवे.

या खेळाचे तयार तक्तेही मिळतात. ते समोर ठेवले तर एलोडी पहिल्याच खेपेला राणी होते आणि आपण काहीच शिकत नाही. मुलांनो, पुढच्या प्रात्यक्षिकात उत्तर वेडेवाकडे आले तर ते खोडू नका. शिक्षकमित्रांनो, त्या उत्तरावर सही करा आणि खाली एकच प्रश्न लिहा: कुठे चुकले असेल? यंदापासून मी तेच करणार आहे.