जुन्या बैलांची जोडी

परवा मिरजगावला मावसभावाकडे गेलो होतो. नगर-सोलापूर रस्त्यालगत त्याचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, दहाव्याचे मोठे केलेले फोटो, सगळं तिथेच. चहा व्हायच्या आत त्याने कोपऱ्यातला डबा दाखवला. बिघडलेल्या लॅपटॉपमधून काढलेल्या चार जुन्या एसएसडी त्याने एका कॉम्प्युटरमध्ये बसवल्या होत्या आणि चारही जोडून एकच मोठी डिस्क केली होती. स्टुडिओतले तिन्ही कॉम्प्युटर तिथूनच फोटो उचलतात.

"दादा, घरात पडूनच होत्या. नवीन कशाला घ्यायच्या?"

प्रश्न चुकीचा नाही. चालती वस्तू फेकून द्यायला माझाही जीव होत नाही. पण चारही अशा जोडल्या की एक गेली तरी सगळंच जातं. एकत्र कुटुंबात निदान एक भाऊ वेगळा झाला तर बाकीचे तिघे राहतात, इथे तेही नाही.

बरं, वेग तरी वाढतो का? स्टुडिओतली नेटवर्कची वायर एक गिगाबिटची, म्हणजे सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट. साधी साटा एसएसडी एकटीच पाचशेच्या आसपास देते. विहिरीवर चार मोटारी बसवल्या आणि नळ अर्ध्या इंचाचाच ठेवला, असा प्रकार!

माझं मत असं. जुन्या एसएसडी जरूर वापराव्यात, पण जोडीने. दोघींवर तेच लिहिलं जाईल अशा, म्हणजे आरशासारख्या. आणि गंमत बघा, औताला बैल सारख्या वयाचे लागतात, इथे मात्र विजोड जोडी बरी. एकाच दिवशी घेतलेल्या सारख्या डिस्कवर सारखंच लिहिलं जातं, त्यामुळे त्या बरोबरीने झिजू शकतात. २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला होता. त्यांच्या फर्मवेअरमधल्या चुकीमुळे त्या ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास चालल्या की बंद पडणार होत्या. एकदम बसवलेल्या असतील तर जवळपास एकदमच! मग आरसा असून काय उपयोग?

या जोडीवर हिशेबाची खाती आणि चालू कामाचे फोटो ठेवावेत. बारीकसारीक फायली भराभर उघडण्यात एसएसडीचा खरा फायदा आहे. जुन्या लग्नांचा साठा साध्या हार्ड डिस्कवर बरा. आणि यूपीएस हवाच. लाईट अचानक गेली तर हातातलं लिखाण पूर्ण करण्यापुरती वीज साठवायची सोय घरगुती एसएसडींत सहसा नसते.

मग त्या भरून कपाटात ठेवाव्यात का? तेही नको. झिजून आयुष्य संपलेल्या घरगुती एसएसडीने विजेशिवाय ३० अंशांत एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच जेडेक या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतलं कपाट किती तापतं ते मी सांगायला नको.

आमचा वाद चालू असतानाच एक बाई आल्या. वडील गेले होते. २०१९ सालच्या बहिणीच्या लग्नातला त्यांचा फेट्यातला फोटो हवा होता. भावाने पाच मिनिटांत शोधून दिला. बाई स्क्रीनकडे बघत राहिल्या, काही बोलल्या नाहीत. त्या फोटोची जगात ही एकच प्रत आहे आणि ती त्या चार म्हाताऱ्या डिस्कवर पसरलेली आहे, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. भावाने माझ्याकडे बघितलं. वाद तिथेच संपला.

आरशालासुद्धा बॅकअप समजू नका, मंडळी. चुकून एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं. पूर्वी बियाणं राखून ठेवायचे, ते खायच्या धान्यात मिसळत नसत. तसंच हे.

काल भावाचा फोन आला. दोन हार्ड डिस्क घेतल्या. एक स्टुडिओत, दुसरी मावशीच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत. मी विचारलं, "त्यातला एखादा फोटो उघडून बघितलास का?"

"बघतो, दादा."

असो. तुमच्या घरातले फोटो कुठे आहेत, तेही आज एकदा बघा.